तात्यांच्या गाडीतली वायर

"काप ती वायर! पहिले काप, मंग बोल!"

भर मिरची बाजारात, आपल्या जुन्या पांढऱ्या मोटारीत बसून हिरामणतात्या गरजत होते. रेडिओ दुरुस्त करणारे सलीमभाई दाराशी पकड घेऊन उभे. "तात्या, काल तुम्हीच तर लावाले सांगं. ही वायर गाणं आत लई येस, बाहेर काहीज नेत नही."

"जठून गाणं आत येस, तठून मन्हं बोलनं बाहेर जास!"

नंदुरबारात तात्यांइतका संशयी दलाल झाला नाही. शेजारची गादी आमची, म्हणून सांगतो. मनगटावरच्या घड्याळाला रुमाल बांधायचे, का तर लोक फुकटात वेळ बघून जातात. मिरचीच्या बाजारात सगळेच शिंकतात. पण लागोपाठ दोन शिंका आल्या की तात्या भाव सांगायचे थांबत. "खूण शे ती!" स्वतःला शिंक आली, तर ती कुणाच्या सांगण्यावरून आली याचा विचार करत बसत. हल्ली सुरतेला मुलाकडे असतात. तिथे कुणावर संशय घेतात, देव जाणे.

खरा भाव ते फक्त गाडीत बोलत. एक काच कधीच वर यायची नाही, तिला पाठ लावून. कॅसेटी उन्हाने वितळल्या तेव्हा मुलाने काडेपेटीएवढा प्लेअर पाठवला. तो जोडायला सलीमभाईंनी गाडीचा रेडिओ बॉनेटवर उघडला, तर बदलू नये म्हणून तात्यांनी एकेका स्क्रूला चुन्याचा ठिपका लावला! रेडिओला बारीक वायर झाळली, प्लेअर जोडला, आणि असं गाणं घुमलं की बाजारातली कुत्री थेट तळोद्याकडे पळाली.

दुसऱ्याच दिवशी घात झाला. कोरीटचे दौलतभाऊ मिरची घेऊन आले. तात्यांनी त्यांना गाडीत घेतलं, गाणं लावलं आणि कानात सांगितलं, "सांगेल भावतून शेवटले किलोमागे चार रुपे उतरसूत." गाण्यावर आवाज चढवून सांगितलेलं हे गुपित दोन रांगा पलीकडे पोहोचलं. लगेच खरेदीदार नगीनशेठ म्हणाले, "चार उतरवा, तात्या."

दौलतभाऊ गाडीतून उतरले. "भाव असा फुटस, तर आम्हना गावनी मिरची दुसरा दलालकडे जाई."

अर्धं कोरीट तात्यांच्या गादीवर उतरायचं. तात्यांचा रंग मिरचीसारखा झाला. लगेच सलीमभाईंना बोलावणं गेलं. खरं कारण सांगायची कुणाची छाती नव्हती. सांगणारा शेठचा माणूस ठरला असता. मीही खाली मान घालून देठ खुडत बसलो.

सलीमभाईंनी मान हलवत वायर कापली. गाणं मध्येच तुटलं, बाजार चिडीचूप. तात्यांनी दौलतभाऊंना पुन्हा आत घेतलं, दार ओढलं आणि मघाच्याच पट्टीत त्यांच्या कानाला लागले, "आते बिनघोर! वरून दोनच म्हनसूत, मनमां चार ठेव!"

ढिगाशी उकिडवे बसलेले नगीनशेठ मान वर न करता म्हणाले, "मग चारच धरा, तात्या. काटा लावा."