बदलीची बाई

आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे तपासणारं ॲप बसवायचं ठरलं, तेव्हा ते विकायला आलेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारला होता. कामवाली रजेवर गेली आणि तिने बदलीवर दुसरी पाठवली तर? तो गोड हसला. "मॅडम, सिस्टीम सब संभाल लेगी." कशी, ते त्यालाही माहीत नव्हतं. ॲपच्या आत काय शिजतंय हे दाखवायची त्यांच्यात पद्धतच नाही. मी उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका छोट्या ऑफिसात दुकानदारांच्या ॲपचे स्क्रीन आखते, त्यामुळे असलं हसू मला लांबून ओळखू येतं. पण मीटिंगमध्ये सगळ्यांना घाई होती आणि समोसे गार होत होते.

बदली ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती पलंगाला खिळली, तेव्हापासून कामाच्या मावशी तिचं करायला येतात. मावशींना कुठे जायचं असलं की त्या धाकट्या जावेला पाठवतात, आणि जाऊ आजारी पडली की तिची कामं मावशी उरकतात. त्यामुळे हातातलं कामाचं घर सुटत नाही. दोघी एकत्र राहतात, चूल एक आणि मोबाइलही एकच.

त्या दिवशी मावशी भावाच्या दहाव्याला कुळगावात गेल्या होत्या. ॲप बसल्यानंतरची ही पहिलीच बदली. मोबाइल त्यांच्याबरोबर, आमच्या घराची चावी जावेकडे. आई सकाळी आपल्या हातानेच इन्सुलिन टोचून घेते आणि आलेली बाई आधी तिला खायला देते, मग बाकीच्या कामाला लागते. मी नेहमीसारखी थोडी आधी निघाले होते.

ऑफिसात जेमतेम टेकते तोच फोन थरथरला. अनोळखी व्यक्तीला गेटवर रोखलं आहे, तुमचं घर सुरक्षित आहे. सोबत जावेचा फोटो, डोळे विस्फारलेले.

मी 'आत सोडा' दाबलं. बटण करडं होतं, दबेचना. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या नंबरवर दुसऱ्या चेहऱ्याची नोंद आहे, फसवणुकीची शक्यता. तिने मावशींचा नंबर सांगितला होता. दुसरा आणणार कुठून? 'मदत' दाबलं तर एक हसरं चित्र वर आलं आणि त्याच त्या चार उत्तरांतलं एक निवडा म्हणू लागलं. माणसाचा नंबर कुठेच नव्हता. हे असं चुकून राहून जात नाही. लोकांना एखादी गोष्ट सहज करता येऊ नये असं वाटलं की स्क्रीन कसा आखायचा, याचे आमच्या धंद्यात पगार मिळतात. मला स्वतःच्या धंद्याची तेव्हा इतकी चीड आली की फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

आईला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. इन्सुलिन घेऊन पोटात काही गेलं नाही तर साखर उतरते, घाम सुटतो, मग शुद्ध हरपते. खाणं स्वयंपाकघरात आणि ती पलंगावर. शेजारची दोन्ही दारं दिवसभर कुलपात असतात.

वॉचमनला फोन केला. "ताई, मशीन लाल दाखवतंय. मी काय करू? वर कॅमेरा आहे."

"मग तिच्याकडून चावी घ्या आणि तुम्ही वर जा. आई एकटी आहे."

"गेट सोडलं तर लगेच कंपनीचा फोन येतो, ताई. मागच्याला तसाच काढला."

सेक्रेटरींनी फोन उचलला, शांतपणे ऐकून घेतलं आणि ॲपवर तक्रार टाका म्हणाले.

मी रिक्षा पकडली. रस्त्यात टेम्पो आडवे लागले होते. मी रिक्षावाल्यावर विनाकारण ओरडले, मग आईला फोन लावत राहिले. रिंग जात होती.

गेटवर जाऊ नव्हती. वॉचमन माझ्या नजरेला नजर देईना. ती चावी घेऊन घरी निघून गेली असणार असं वाटून मी जिन्याकडे धावले. कशीबशी वर आले. दार उघडं होतं. आई उशांना टेकून बसली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि जाऊ चमच्याचमच्याने तिला साखरेचं पाणी पाजत होती. मी दारातच बसले आणि रडले.

"कशी आलीस तू?"

सामान पोचवायला येणाऱ्यांना ते मशीन काही विचारत नाही. पिशवीवरचा कोड हिरवा लागला की ती आणणारा आत, मग तो कोणीही असो. हे तिने बाहेर उभ्या उभ्या पाहिलं आणि भाजी घेऊन आलेल्या एकाला सांगितलं की वर म्हातारी उपाशी आहे. त्याने आपली पिशवी तिच्या हातात दिली. "ले, उठा. तू ही लेके जा." वॉचमनला नेमकं तेव्हाच बुटाची नाडी बांधायची होती.

आई पुटपुटली, "पोरीला चहा दे आधी." मी चहा टाकला. जावेने कप तोंडाला लावला नाही.

"ताई, आता बाहेर कशी जाऊ?"

"म्हणजे?"

"जाताना पण तोंड दाखवायला लागते ना. मशीनमधे मी आत आलीच नाय. चोर बोलतील. मोठ्या जावेचा नंबर दिलाय मी, या रस्त्याच्या सगळ्या बिल्डिंगीत हेच ॲप आहे. तिची सगळी घरं जातील."

आईचा जीव वाचवणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात चोरासारखी उभी होती.

आईला पोटभर खायला घालून, तिची साखर पुन्हा तपासून, मी जावेबरोबर खाली उतरले. गेटवर गेल्यावर चेहरे टिपणारा तो टॅबलेट स्टँडसकट भिंतीकडे फिरवला.

"ताई, वरच्या कॅमेऱ्यात येताय तुम्ही."

"येऊ दे. विचारलं तर माझा फ्लॅट सांगा. आणि गेट उघडा."

त्याने उघडलं. तिने पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि बाहेर पाऊल टाकल्याबरोबर पळत सुटली. मी हाका मारल्या. मागे कुणीही लागलेलं नव्हतं, तरी ती पळत राहिली.