बाईंनी न दिलेली शिफारस

जुन्या ऑफिसातल्या पगारे भाऊसाहेबांचा फोन कंपनीच्या गेटवर आला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमचा फोन आहे." मी रिसीव्हर कानाला लावला. भाऊसाहेब म्हणाले, "रेखा, बाई गेल्या." कोण बाई, असं मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं. वाईट बातमी दोनदा ऐकल्याशिवाय मला ती खरी वाटत नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

बाई म्हणजे डॉक्टर प्रभाबाई. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आया आणि लहान मुलांच्या आरोग्याचं काम करणारी त्यांची संस्था होती, पैसा परदेशातून यायचा, आणि नाशिकच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. मी मूळची हदगावची, नांदेडकडची. वडील आजारी पडले तशी नववीत शाळा सुटली. भाऊ अंबडच्या कंपनीत लागला, त्याला भाकरी करून घालायला म्हणून आले आणि सिडकोत टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. परीक्षा जवळ आली तसा भीतीने क्लास सोडला. पुढे भाऊ गावी परत गेला, मी मात्र राहिले, कारण बाईंनी कुठलंही सर्टिफिकेट न मागता मला मशीनवर बसवलं. नोकरी गेली तर हदगाव, आणि हदगाव म्हणजे घरच्यांनी ठरवून ठेवलेलं लग्न. तेव्हा ऑफिसात कुणी दार जोरात लावलं तरी मी टायपिंग थांबवून बघायचे.

नव्वदीच्या अखेरीला परदेशातून पत्र आलं. मदतीचा पुढचा टप्पा हवा असेल तर बाहेरच्या माणसाकडून कामाचं मूल्यमापन करून घ्या, माणूस तुम्हीच नेमा. पगारे भाऊसाहेब आमचे हिशेबनीस. ते खुश झाले. "आपला परीक्षक आपणच निवडायचा, याहून सोपी परीक्षा आहे का?" बाईंनी जाहिरात दिली, अर्ज आले, तिघांना बोलावलं. पण मुलाखती त्यांनी नाशिकला ठेवल्याच नाहीत, पेठच्या पुढच्या आमच्या केंद्रात ठेवल्या. आणि मला पत्रात टाइप करायला लावलं, की यायची सोय आपली आपण करावी.

पहिले डॉक्टर मुंबईहून भाड्याच्या गाडीने आले. भिंतीवरचे तक्ते बघून म्हणाले, फारच सुंदर काम. दुसरे नाशिकचेच प्राध्यापक, आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणारे. तिसऱ्या नसीम शेख. मूळच्या मालेगावच्या, पुण्यात राहणाऱ्या. त्यांचा पत्ताच नव्हता. दुपार कलली तेव्हा एसटीतून उतरून चालत आल्या, चपला लाल मातीने माखलेल्या.

"उशीर झाला मॅडम," भाऊसाहेब म्हणाले.

"कंडक्टरने अलीकडच्या पाड्यावर उतरवलं. तुमचं केंद्र तिथेच म्हणाला. पाटीही तुमचीच होती, मग बसले पायरीवर."

"आत बसायचं ना."

"कुलूप होतं. एक बाई पाणी घेऊन आली, तिला विचारलं कधी उघडतं. ती म्हणाली, जीपगाडी आली का उघडतं, नाय तर नाय."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच कुलूप लावलं होतं. बाईंनी एवढंच विचारलं, "किती वेळ बसलात?"

"पुढची एसटी येईपर्यंत. तेवढ्यात दोघी पोरं घेऊन येऊन परत गेल्या."

परतताना घाट संपला तसे जीपमध्ये भाऊसाहेब म्हणाले, "बाई, ही घेतली तर आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. ही आपलं काम बंद पाडणार."

"चालू असेल तर पडेल ना बंद."

"प्राध्यापक काय वाईट होते? आपलेच आहेत."

"आपलेच आहेत, म्हणूनच नको. आपला तो बाब्या होतो, पगारे. तुमचाही होतो, माझाही."

दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र टाइप करताना मी दोन कागद वाया घालवले. धीर करून विचारलं, "बाई, खरंच यांनाच?" त्या म्हणाल्या, "कार्बन नीट लाव."

अहवाल आला तो भाऊसाहेबांच्या भीतीसारखाच. जीप येईल तेव्हाच उघडणारी केंद्रं बंद करा, प्रत्येक पाड्यावरच्या एका बाईला शिकवून औषधाची पेटी तिच्याच घरी ठेवा, नाशिकचं ऑफिस लहान करा. बाईंनी सगळं मान्य केलं. जीप गेली, त्यांची केबिन गेली, त्या स्वतः एसटीने पाड्यांवर जाऊ लागल्या. आणि टंकलेखनाचं काम बाहेरून करून घेता येईल, हेही मान्य केलं. ते मला सांगायला त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या आणि सांगितलं.

मी म्हटलं, निदान एक शिफारसपत्र द्या. त्या म्हणाल्या, "नाही देणार. मी लिहीन ते चांगलंच लिहीन, मी तुझी आहे. त्याला काय अर्थ? सरकारी परीक्षेला बस. तिथे तुला कुणी ओळखत नाही."

मला फार राग आला. एवढ्या वर्षांनी दोन ओळी लिहायला यांचं काय जात होतं... भाऊसाहेबांनी मला बाजूला घेऊन गुपचूप पानभर कौतुक लिहून दिलं. अंबडच्या एका कंपनीत साहेबांनी ते वाचलं, हसले, कागद परत दिला आणि विचारलं, "टायपिंगचं सर्टिफिकेट?"

मग मी परीक्षेचा अर्ज भरला. ऑफिस आवरेपर्यंत रोज संध्याकाळी बाई मशीन मोकळं ठेवायच्या आणि समोर बसून मजकूर वाचायच्या. मजकूर म्हणून त्याच अहवालाचा मराठी सारांश. 'टंकलेखनाचे काम बाहेरून करून घेता येईल' हे वाक्य मी इतक्या वेळा मारलं की त्यात चूक व्हायची बंद झाली. एकदा मी मुद्दाम थांबले. बाई म्हणाल्या, "घड्याळ चालू आहे."

मी पास झाले. ती कंपनी मिळाली, अजून तिथेच आहे, हदगावला जाते ती दिवाळीत. पास झाल्याचं सांगायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता लिहून देऊ का शिफारस?" आणि आम्ही दोघी हसलो.

हा लेख मी आधी भाऊसाहेबांना दाखवणार होते. मग वाटलं, ते रडतील आणि छान झालाय म्हणतील. म्हणून कंपनीत नवीन लागलेल्या मुलीला दिला. तिने बाईंना कधी पाहिलेलं नाही. तिने डबा खाता खाता वाचला आणि म्हणाली, "ताई, चांगल्या होत्या, चांगल्या होत्या, असं सारखं लिहिलंय तुम्ही. पण पत्र तर दिलंच नाही ना त्यांनी?"

"नाही दिलं."

"मग तेवढंच सांगा की. बाकी आम्हाला कळतंय."

घरी येऊन मी 'चांगल्या' जिथे जिथे होतं तिथे खोडलं. एका जागी हात थांबला होता, पण तिथलंही खोडलं.