बाबागाडीचा दांडा

आमच्या खानदेशात दांडा दिसला की माणूस त्याला पिशवी अडकवतो. सायकल असो, मोटारसायकल असो, नाहीतर बसमधली सीट. म्हणून मुलगी पुण्याहून धुळ्याला आली आणि तिच्या आठ महिन्यांच्या पोरीची बाबागाडी आमच्या ओट्यावर उभी राहिली, तेव्हाच मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे गाडीभोवती फिरून कौतुकाने म्हणाले, बाजाराला कामाची आहे.

मुलीने बापाला नीट समजावलं. दांड्याला काही अडकवायचं नाही, वजनाने गाडी मागे उलटते. थांबलात की ब्रेक. आणि पट्टा म्हणजे पट्टा, कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी. हे हो हो म्हणाले. ह्यांचं हो हो मी लग्नापासून ऐकतेय, पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात पारोळ्याहून मोठ्या नणंदबाई आल्या. आमच्यात त्यांचा शब्द शेवटचा. पोरीला गाडीत पट्ट्याने आवळलेलं बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"लेकरूले असं कोनी बांधस का?" त्या म्हणाल्या. "बांधतस ते तिरडीवर."

झालं! घरात जो गारठा पसरला, तो काही थंडीचा नव्हता. मी म्हटलं, अक्का, जावई मोटारीत पट्टा लावतात, त्यांना काय होतंय? पण तिरडीचं नाव निघाल्यावर कोण ऐकतंय. मुलगी पट्टा लावायची आणि तिची पाठ वळली की हे हळूच सोडायचे. मी पुन्हा लावला की माझ्यावरच डोळे वटारायचे. 

रविवारी जावई यायचे होते. सासुरवाडीला भरीत नाही म्हणजे अपमानच, म्हणून सकाळीच आम्ही दोघं पोरीला घेऊन बाजारात गेलो. भरिताची मोठी वांगी, कांद्याची पात, लसूण, मेथी. निघताना पट्टा मी स्वतः लावला होता. ह्यांनी पहिली पिशवी दांड्याला अडकवली, मी काढून हातात घेतली. हे हसले, म्हणाले, तू नि तुझा घोर. मी मिरच्या निवडायला वाकले तेवढ्यात दोन्ही पिशव्या दांड्यावर आणि पोरीचा पट्टा सुटलेला. पोर पुढची दांडी चावत ओणवी बसली होती, म्हणूनच गाडी तोल धरून होती. ह्यांनी वांगं दाबून बघायला हात सोडला. कबुतरं उडाली म्हणून पोरीने मान वर केली आणि मागे रेलली.

गाडी मागच्या मागे गेली. पोर निसटून डोक्यावर आपटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आणि ती रडलीच नाही. अख्खा बाजार थांबला तरी ती रडेना. मग एकदाचा टाहो फुटला आणि मी तिला उराशी घेऊन तिथेच मातीत बसले.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आत काही दिसत नाही, पण आजचा दिवस इथे ठेवू. उलटी झाली, फार पेंगली, हाक मारून उठली नाही, तर लगेच सांगा. मग काय, ती जांभई देई आणि आमचा जीव टांगणीला. नणंदबाई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून होत्या. मुलगी बापाकडे बघत नव्हती. हे दाराशी उभे, कोणी बस म्हटलं तरी बसले नाहीत.

पोर वाचली. दुसऱ्या दिवशी दूध प्यायली, हसली, माझं नाक ओढलं. मला इतकं रडू आलं की नर्स मलाच पाणी द्यायला आली.

मुलगी ठरल्यापेक्षा आधीच पुण्याला निघाली. जावयांच्या मोटारीपाशी पोरीने आजोबांकडे झेप घेतली, दोन्ही हात पसरून, रोजच्यासारखी. ह्यांनी आपले हात पाठीमागे घेतले.

"नको," म्हणाले. "माझ्याकडे नको देऊ."

 मी मुलीकडे बघितलं, वाटलं, ती म्हणेल, आबा, घ्या ना.  तिने पोरीला आत बसवलं आणि दार लावून घेतलं.