कुठल्याच गल्लीत नसलेला प्लॉट

मंगळवारी सकाळी सव्वासहाला म्हाळसाबाई मेंढरांभोवतीची जाळी सोडून गुंडाळत होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. नवरा येडबा चार वर्षांपूर्वी वारला, मूलबाळ नाही. वालूरजवळच्या या गावात त्यांचे सासरही आहे आणि माहेरही. थोरले दीर सटवाजी वरच्या अंगाला राहतात, धाकटा भाऊ लिंबाजी खालच्या. म्हाळसाबाईंचे खोपट दुसऱ्याच्या जागेवर आहे. त्या मालकाला आता तिथे गोठा बांधायचा आहे.

साल १९८७. गावामागच्या गायरानात नवे गावठाण मंजूर झाले. कोणाला कुठला प्लॉट, हे तहसीलच्या साहेबांनी गावावर सोडले आणि गावाने ते आपल्या रीतीने ठरवले: एका भावकीला एक गल्ली. लग्नाला, मयतीला माणसे हाकेवर असावीत म्हणून. देवळात बसून प्रत्येक भावकीने आपापली घरे सांगितली. सटवाजींनी म्हाळसाबाईंचे घर धरले नाही, कारण येडबा गेल्यापासून तिची मेंढरे लिंबाजीच्या कळपात चरतात. लिंबाजीने धरले नाही, कारण बहीण दिल्या घरची. दोघांनाही वाटले, दुसऱ्याने सांगितले असेल.

म्हाळसाबाई तेव्हा पायरीवर बायकांत बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या थोरल्या दिरासमोर बोललेल्या नाहीत. कोणती गल्ली मिळाली, असे शेजारच्या कुसुमबाईंनी विचारले, तर ठरवली असेल त्यांनी, एवढेच म्हणाल्या.

मग मंगळवारी मोजणीदार आले आणि प्लॉट आखायला चुन्याची फक्की पडू लागली. ज्याचा चौकोन आखून झाला तो त्यात उभा राही. म्हाळसाबाई सासरच्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, मग माहेरच्या. दुपारपर्यंत एकही चौकोन रिकामा उरला नाही.

तेव्हा त्यांनी पदर पुढे ओढला, सटवाजींकडे पाठ केली आणि लिंबाजीच्या कुत्र्याकडे बघत म्हटले, "माजी जागा कुठं हाय म्हणावं?"

अगदीच अडले तर बायका थोरल्या दिराशी असेच बोलतात.

सटवाजींनीही कुत्र्यालाच सांगितले, "लिंबाजीच्या गल्लीत."

"आमच्यात?" लिंबाजी म्हणाला. "अक्का तुमच्या घरची हाय की, पाव्हणं."

"मंग रस्त्याच्या मदी बांधा तिचं घर," मागून कोणीतरी म्हणाले. "दोगांच्याबी नजरंखाली ऱ्हाईल."

लोक हसले. म्हाळसाबाईही हसल्या.

भांडण झाले नाही. दोघे खजील झाले, पण आखलेला चौकोन सोडायला कोणत्याच गल्लीत कोणी तयार नव्हते. मोजणीदारांनी नकाशा पाहिला. नाल्याकडे एक तिरपा तुकडा उरला होता. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला शाळेसाठी राखलेली मोकळी जागा. तो चालेल, असे दीर आणि भाऊ एकदमच म्हणाले.

दुखलं-खुपलं तर तिथून हाक कोणाला मारणार, असे कुसुमबाईंनी हळूच विचारले. म्हाळसाबाई तुकडाभर फिरून आल्या.

"मेंढरं बसतेत," त्या म्हणाल्या.

त्या तुकड्यापर्यंत येता येता फक्की संपली. उद्या, बुधवारी, मोजणीदार साडेआठच्या एसटीने येऊन तिथे चार दगड रोवतील. त्या वेळी प्लॉटवाल्याने हजर राहायचे असते. म्हणून उद्या म्हाळसाबाईंची मेंढरे लिंबाजी एकटाच रानात नेणार आहे.