पहिला हात चाचांचा

गिझर बसवून झाला की बल्बवाले चाचा चप्पल काढायचे. दुसरे कारागीर अशा वेळी रबरी चप्पल शोधतात. हे मात्र न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून बटण दाबायला सांगायचे आणि नळाखाली हात धरायचे. पाणी गरम होईस्तोवर हात तिथेच. घरातलं कुणी पुढे सरकलं तर दुसऱ्या हातानं मागे सारायचे. "पह्यला हात माझा. मंग तुमचा."

अहेरीत त्यांना सगळे बल्बवाले चाचाच म्हणत. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा यांच्या गळ्यात होल्डरसकट एक बल्ब, त्याला दोन वायरी. कुणाच्या घरी गेले की आधी एक वायर प्लगच्या करंटच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या भोकात घालून बल्ब पेटतो का ते पाहायचे. पेटला तर अर्थिंग ठीक, म्हणजे काही बिघडलं तर करंट माणसातून न जाता जमिनीत जाणार. नाही पेटला तर चाचा पिशवी उचलून उभे. "वरचं काम कोणीबी करते बाई. जमिनीतलं कोण पाह्यते?"

मला गिझर हवा होता तो लेकीसाठी. पहिलं बाळंतपण, ऐन थंडीत माहेरी येणार. आमच्याकडे तांब्याचा बंब होता, पण ओली लाकडं, डोळ्यात धूर, आणि वाकले की गुडघे बोलायचे. चंद्रपूरहून गिझर आणला, एसटीत सारा रस्ता मांडीवर धरून. "नातवाच्या आधी हाच मांडीवर बसला," असं आमचे हे म्हणाले. हे वनखात्यात, तेव्हा लाकडं सोडून वीज कशाला म्हणून शेजारीही हसले. माझं मात्र हसण्यात लक्ष नव्हतं. आदल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीतली एक सून न्हाताना गिझरच्या करंटनं नळाला चिकटली होती. वाचली, पण तिच्या उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. मला गिझर हवाही होता आणि नकोही. खोकं पलंगाखाली ठेवलं होतं. दिवसातून चारदा वाकून पाहायची, जणू ते उठून कुठे जाणार होतं.

चाचा आले, वायरी घातल्या. बल्ब पेटला नाही.

"आज नाई बाई."

"अहो चाचा, पोरगी यायला महिना उरला. चौकातला इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात लावून देतो म्हणते."

"मंग त्यालेच बोलवा. पोरगी तुमची हाय," म्हणाले आणि गेले.

असा राग आला मला. फाटकापर्यंत जाऊन चौकाकडे पाहिलं, परत आले, पुन्हा गेले. पण त्या सुनेची बोटं डोळ्यासमोरून हलेनात. शेवटी निरोप पाठवला तो चाचांनाच.

ते आले आणि पिशवी न उघडता अंगणात फिरत बसले. अर्थिंगचा खड्डा इथे खणा, तिथे खणा असं मी सांगत होते, ते ऐकत नव्हते. मग तुळशीजवळ थांबले.

"हिले रोज पाणी घालता?"

"म्हणजे काय, रोज."

"उन्हाळ्यातबी?"

"चाचा, तुळस आहे ती."

"मंग खड्डा इथीच. अर्थिंगले ओल लागते. खड्ड्यात पाणी टाकाची कोणाले आठवण राह्यत नाई. तुळशीची राह्यते."

तुळशीला लागूनच पुरुषभर खड्डा खणला, तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. बल्ब लख्ख पेटला. गिझर भिंतीवर चढला, चाचा अनवाणी उभे राहिले, सगळं रीतीप्रमाणे झालं. मला वाटलं, सुटले.

पंधरा दिवसांत तुळस वाळली.

 सासूबाई येता-जाता तिच्याकडे पाहायच्या आणि देवघरात जायच्या. लेकीला यायला आठवडा. माझं जेवणात लक्ष लागेना. लेकीला फोन लावायचा आणि 'बरी आहेस ना' विचारून ठेवून द्यायचा. ती म्हणे, "आई, झालं काय तुला?"

चाचांना कुणीतरी सांगितलं असावं. सकाळीच आले. मला वाटलं कारणं देतील, पाला किडला होता म्हणतील. ते उकिडवे बसले, बुडाजवळची चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली.

"खारी हाय. माझ्या मिठानं मेली. चूक माझी हाय बाई, अपशकुन बिपशकुन काई नाई."

सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, "चाचा, एवढे जमिनीतलं पाहणारे तुम्ही."

"करंटचं पाह्यलं आजी. झाडाचं नाई पाह्यलं."

दोन दिवस खपून त्यांनी खड्ड्यापासून तीन हात अंतरावर तुळशीसाठी उंच ओटा बांधला, बुडाला भोक ठेवलं, तिथून खड्ड्यापर्यंत पाइप पुरला. तुळशीचं उरलेलं पाणी खाली जाईल, मीठ वर येणार नाही. रोप सासूबाईंनी शेजारून आणलं आणि ते जगेपर्यंत चाचा येता-जाता फाटकातून मान वाकडी करून पाहत.

बाळाला घेऊन लेक दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी ते न बोलावता आले. वायरी घातल्या, चप्पल काढली, नळाखाली हात धरला. "जा बेटा, न्हा आता." बंद दारामागून पाण्याचा आवाज यायला लागला. मी बाहेर भिंतीला टेकून उभी, आणि चाचाही हलले नाहीत. लेकीनं आतून टॉवेल मागितला तेव्हाच त्यांनी चप्पल पायात घातली.

चाचा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी आता लेकीकडे नागपूरला, चौथ्या मजल्यावर असते. मागच्या दिवाळीत नवा गिझर आला. दुकानाच्या माणसानं वीस मिनिटांत लावला. अर्थिंगचं विचारलं तर म्हणाला, "आजी, ते बिल्डिंगचं असते." कुठे असतं, पाणी कोण घालतं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

नात अंघोळीला निघाली की मी आधी आत जाते. लेक चिडते, "आई, पाय घसरेल, चप्पल तरी घाल." मी चप्पल दाराशी काढते, फरशीवर उभी राहते आणि नळाखाली हात धरते. पाणी गरम होईस्तोवर जीव थाऱ्यावर नसतो. मग बाजूला होते आणि नातीला म्हणते, जा, न्हा आता.