बाजूला ठेवलेलं वाक्य

आईला लिहिता येत नव्हतं आणि बाबांना ऐकू येत नव्हतं. आमच्या घराचं सगळं दुखणं एवढंच होतं. बाकीचे सगळे माझे उपद्व्याप.

बाबा निजामपुऱ्यात लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. उभा जन्म त्या खडखडाटात गेला आणि कान तिथेच राहिले. कानाचं मशीन आणून बघितलं. ते लावलं की भांडी, रिक्षा, कावळे सगळे एकदम डोक्यात शिरायचे, माणसाचं बोलणं तेवढं बाहेर राहायचं. चार दिवस लावून त्यांनी ते कपाटात टाकलं. कारखान्यात त्यांचं काही अडत नसे. तिथे सगळेच ओठ वाचतात. पलीकडच्या मागावरचा भैया नुसते ओठ हलवायचा आणि बाबा इकडून "हाँ हाँ, आता हूँ" म्हणून ओरडायचे. आईचे ओठ मात्र त्यांना दिसायचेच नाहीत. नवऱ्याशी बोलताना तोंडावर पदर धरायची सवय तिला लग्नात लागली ती शेवटपर्यंत गेली नाही. मी चिडून कितीदा तरी तो पदर खाली ओढलाय. दोन शब्द झाले की पदर पुन्हा जागेवर.

मग मध्ये मी. अंजूरच्या आमच्या घराच्या ओटीवर एक पाटी असायची. आई सांगायची, मी खडूने लिहायचे, बाबा वाचायचे आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचे. मी पूर्ण्याच्या गोदामात ड्युटीवर गेले की घर गप्प. संध्याकाळी रिक्षातून उतरले की आई दिवसभराचं साठवलेलं माझ्यापुढे ओतायची. त्यातलं निम्मं मी लिहायचे, निम्मं गाळायचे, कारण मी दमलेली असायचे आणि आईचं बोलणं लांबलचक. आईबापांच्या मध्ये असं बसून राहणं मला आवडत नव्हतं. त्यांनी आपापसात बोलावं, भांडावं, मला त्यातून मोकळं करावं, एवढीच माझी इच्छा होती.

गोदामात मी कॉम्प्युटरवर आल्या-गेल्या मालाच्या नोंदी करते. तिथल्या एकीने मला एक ॲप दाखवलं. समोरचा जे बोलेल ते फोनवर अक्षरांत उमटायचं. फुकट होतं, कारण ते ओपन सोर्स होतं. म्हणजे त्याच्या आतलं सगळं काम जगापुढे उघडं ठेवलेलं, ज्याला जे खटकेल ते त्याने दुरुस्त करून द्यावं. मी उड्या मारत घरी आले. टीव्हीवरच्या बातम्या त्याने बिनचूक लिहिल्या. मग आई म्हणाली, "पानी तापलाय, आंगोल करून घ्या." स्क्रीनवर भलतंच काहीतरी आलं. पुन्हा बोलली, पुन्हा भलतंच. बाबांनी ते वाचलं आणि आईकडे असं बघितलं, की जणू तिला वेड लागलंय.

माझं डोकं फिरलं. याला बातम्यांची मराठी येते, आमची आगरी येत नाही! मी सरळ त्यांच्या पानावर भांडायला गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की तुमच्या यंत्राला माझी आई कळत नाही. तासाभरात उत्तर आलं, "हे वाईट आहे. दुरुस्त करायला मदत कराल का?" भांडायला गेले आणि काम गळ्यात घेऊन आले.

उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे एका लठ्ठ मांजराचा फोटो होता. तो माणूस कुठल्या देशातला, किती वयाचा, मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरात आम्ही त्याला बोका म्हणायचो. आत्येभावाच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं मांडून घ्यायला त्याने मला शिकवलं. एक घातलं की दुसरं कमी पडायचं, स्क्रीनभर लाल ओळी यायच्या आणि मी लॅपटॉप आपटायच्या बेतात असायचे. तो लिहायचा, "घाबरू नकोस. सगळ्यात शेवटची लाल ओळ तेवढी वाचून सांग." असं एकेक करत आठवडा गेला तरी गाडी हलेना. शेवटी त्याने विचारलं, की तू हे सगळं ठेवलंयस त्या फोल्डरचं नाव काय? मी मोठ्या प्रेमाने देवनागरीत "आये" ठेवलं होतं. यंत्राला तेच पचत नव्हतं. नाव इंग्रजी अक्षरांत केलं आणि सगळं सुरळीत चालू झालं. आईला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "मना घातल्यावर बंद परला काय? बोक्याला सांग, आमची आये लय भारी हाय."

यंत्राला आगरी शिकवायची तर आगरीत बोललेली पुष्कळ वाक्यं लागणार होती. मी आईला बसवलं. तिने आधी केस विंचरले, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि फोनसमोर ताठ बसून म्हणाली, "आज हवामान छान आहे. मी जेवण केले आहे." मी म्हटलं, "आये, तू अशी कधी बोलतेस?" तर म्हणाली, "यंतरात जातंय ना? मंग शुद्ध नको बोलाया?" फोन दिसला की ती रेडिओवरची बाई व्हायची. आमच्या सगळ्याच बायकांचं हे असंच. शाळेत, दवाखान्यात, बँकेत आपली बोली पिशवीत घालून ठेवायची आणि लोकांची काढून बोलायची. मीही तेच करते, म्हणून मला तिच्यावर रागावता येईना. तीच वाक्यं मी पाठवून दिली.

बोक्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण त्याने ऐकून लिहिलं, "ती वाचून दाखवतेय असं वाटतं. घरात ती खरी कुणाशी बोलते?"

मी लिहिलं, "बाबांशी. पण ते बहिरे आहेत. म्हणून तर हे सगळं."

त्याचं उत्तर आलं, "मग त्यांच्याशीच बोलू दे."

सुट्टीच्या दिवशी दुपारी आई-बाबा ओटीवर भिजवलेल्या वालाचं बिरडं सोलत बसायचे. मध्ये परात, दोघांचे हात ओले. मी रेकॉर्डिंग लावून फोन परातीशेजारी ठेवला आणि आईला म्हटलं, बोल त्यांच्याशी. ती आधी लाजली. मग म्हणाली, "साल परातीन टाकू नका, कती वेला सांगू?" बाबा आपले सोलत राहिले. ऐकू येत नाहीये हे तिला माहीतच होतं, त्यामुळे हळूहळू तिची भीड चेपली. ती शेजारणीवर घसरली, माझ्या न जमलेल्या लग्नावर घसरली, बाबांच्या बिडीवर घसरली. दर सुट्टीला असं चालायचं. मी ते तुकडे करून, टाइप करून पाठवत होते. मग एका दुपारी ती सोलता सोलता थांबली.

"तुमाला आयकू येत हुता तवा मी बोलले न्हाय," ती म्हणाली. "घरान सासू, दीर, जावा. दिवसाचा तुमी कारखान्यान, रातचा मना लाज. आता घर रिकामा झाला, त तुमचे कान गेलं."

बाबांनी एक वाल सोलून परातीत टाकला.

"आख्खा जनम ‘आयकलास काय’ नाय त ‘पोरीची आय’ बोललात. येकदा मना नावान हाक मारा. बाकी काय नको मना." आणि ती हसली. पदर तोंडावर घेऊन, खांदे हलवत, स्वतःवरच हसली.

मी पाटी ओढली, खडू उचलला. तिने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. "तू नको लिवू. ह्या मी सांगन. तुजा यंतर शिकला की मीच सांगन." मी खडू खाली ठेवला.

बोक्याने मला आधीच एक रीत सांगून ठेवली होती. यंत्राला सगळं शिकवायचं नाही, थोडं बाजूला ठेवायचं. जे त्याने कधी ऐकलंच नाही ते शेवटी ऐकवायचं, म्हणजे खरंच शिकलंय का ते कळतं. मी त्या दुपारचं आईचं वाक्य अख्खं बाजूला ठेवलं. परीक्षेलाही चालणार होतं, आणि तसंही ते जगाला द्यायचं नव्हतं.

बाकीच्या वाक्यांचा मात्र घोटाळा झाला. त्या प्रकल्पात नियम असा, की प्रत्येक तुकडा दोन अनोळखी माणसांनी ऐकून बरोबर म्हणायचा, मगच तो घ्यायचा. आमच्या "हाय"ला आणि "न्हाय"ला कुणीतरी शहाणा धडाधड "अशुद्ध" म्हणून बाद करत सुटला. मी रागारागाने बोक्याला लिहिलं. तो म्हणाला, की चूक त्या माणसाची नाही, आमची आहे. भाषांच्या यादीत फक्त मराठी आहे, तुमच्या बोलीला जागाच ठेवलेली नाही. जागा कशी करायची ते मी दाखवतो, पण करायची तू. मी केली. मी लिहिलेल्या मोजक्या ओळी त्यांनी तपासल्या, दोनदा परत पाठवल्या आणि अखेर मूळ कामात घेतल्या. त्या दिवशी यादीत "आगरी" दिसलं आणि मी गोदामातच रडले. आईने निवट्यांचं कालवण केलं आणि एक वाटी वेगळी काढून ठेवली. "बोका हाय, मासली खाल," म्हणाली.

एकट्या आईच्या आवाजावर यंत्र शिकणार नव्हतं. मग आळीतल्या बायका आल्या. एकीने वाक्यं सोडून लग्नात गातात ते धवलेच गायला घेतले, दोघी फोनपुढे आधी कोण बसणार यावरून भांडल्या. पण आवाज जमले. बोका म्हणाला, आता नवी आवृत्ती तयार व्हायला काही महिने लागतील. आई रोज विचारायची, "शिकला काय?" मी म्हणायचे, "शिकतंय."

पुढचं पटकन लिहून टाकते. एका सकाळी पाणी भरता भरता आई ओटीवर टेकली, ती पुन्हा उठली नाही. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. घर माणसांनी भरलं. बाया आक्रोश करत होत्या आणि बाबा एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "शेवटाला काय बोलली?" मी पाटीवर लिहिलं, "काही नाही." ते खरंच होतं. खडू हातातच होता, ते बाजूला ठेवलेलं वाक्यही लिहिता आलं असतं. पण ते तिला सांगायचं होतं. माझ्या अक्षरात ते लिहायला माझा हात उठला नाही.

काही दिवसांनी मी बोक्याला कळवलं. त्याने लिहिलं, की घरच्यांची इच्छा असेल तर तिचा आवाज आम्ही काढून टाकू, तसा नियम आहे. मी लिहिलं, "राहू दे." मला तेव्हा त्या सगळ्याचा वीट आला होता. आता कुणासाठी शिकायचं होतं त्या यंत्राने? घरात बोलणारंच कुणी उरलं नव्हतं.

दिवाळी उलटल्यावर त्याचा निरोप आला. नवी आवृत्ती निघाली होती. खाली त्याने विचारलं होतं, "परीक्षेचं वाक्य ठेवलंयस ना?" मी त्याला उत्तर दिलं नाही.

त्या सुट्टीला बाबा ओटीवर एकटेच वाल सोलत बसले होते. साली परातीतच टाकत होते. मी त्यांच्या फोनवर ॲपची नवी आवृत्ती उघडून तो त्यांच्या हातात दिला, आणि माझ्या फोनवर आईचं वाक्य लावलं. तिचा आवाज ओटीवर आला तशी मी खाली बसले. बाबांना अर्थातच काही कळलं नाही. पण त्यांच्या हातातल्या स्क्रीनवर एकेक शब्द उमटू लागला. तुमाला. आयकू. येत. हुता. एक-दोन शब्द चुकले, बाकी सगळं तिचं तसंच्या तसं आलं. बाबा ओलं बोट अक्षरांखालून फिरवत वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुणाचं आहे हे मला सांगावं लागलं नाही.

त्यांनी लुंगीला हात पुसले. मग त्यांनी तिला नावाने हाक मारली. माझ्या उभ्या जन्मात ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. लूमवर काम केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. पलीकडची शेजारीण हातात पळी घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

बाबा स्क्रीनकडे बघत होते. तिथे नवं काही येत नव्हतं.

"पुढं?" त्यांनी विचारलं. "पुढं काय बोलली?"

पुढे ती फक्त हसली होती. ते हसू माझ्या फोनवर नुकतंच वाजून गेलं होतं, आणि यंत्राला फक्त शब्द लिहिता येतात. मी पाटी ओढली, खडू घेतला आणि लिहिलं, "हसली."