बायको : आहे किंवा नाही

आमच्याकडं कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार. पण कोयता म्हणजे माणूससुद्धा, आणि तोही एक नव्हे, दोन. नवराबायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. मजूर गोळा करणारा मुकादम गावात आला की विचारतो, औंदा किती कोयते? माणसं कुणी मोजत नाही. बाई एकटी असली किंवा गडी एकटा असला, तर तो अर्धा कोयता. बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंतरी होतं. आम्हाला होत नाही. आमच्या घरातला कोयता म्हणजे माझे आईवडील, आणि मी त्या कोयत्याची मुलगी.

घरातली पहिली पदवीधर मी. हे सांगताना खाली बघायची रीत आहे, मी बघत नाही. बीडच्या कॉलेजातून कॉम्प्युटर सायन्स केलं आणि बीडमध्येच नोकरी धरली. पुण्याला का गेली नाहीस, असं लोक अजून विचारतात. नाही गेले. इथंही कॉम्प्युटर चालतात.

आमची कंपनी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली भरतीचा क्लास आहे, त्यामुळं वर आम्ही कोड लिहीत असतो आणि खालून पोरं एका सुरात सामान्यज्ञान पाठ करत असतात. मालकांना आम्ही सर म्हणतो. सर शहरातच वाढलेले, बरीच वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलेले. कामात पक्के, स्वभावाला बरे. फक्त आपलं चुकत असेल अशी शंका त्यांना कधी येत नाही. मलाही येत नाही. म्हणून आमचं जमतंही आणि वाजतंही.

तर आमच्याकडं एका संस्थेचं काम आलं. ही संस्था ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांची, ते गाव सोडायच्या आधी, गावोगाव आरोग्य तपासणी करते. तपासणीची माहिती कागदावर राहायची आणि माणसं कारखान्यावर गेली की तो कागद इथंच पडायचा. तिकडं कुणी आजारी पडलं, तर तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसायचं. आता ही माहिती डेटाबेसमध्ये ठेवायची आणि कुठूनही मोबाइलवर दिसायची होती. मोबाइलवरचं अॅप माझा एक सहकारी करणार होता. डेटाबेस आणि एपीआय माझ्याकडं.

एपीआय म्हणजे काय, हे मी घरी असं सांगितलं होतं: एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी. आत जायचं नाही, रजिस्टरला हात लावायचा नाही. खिडकीशी नीट विचारायचं, आतला माणूस बघून सांगतो. काही लिहून घ्यायचं असेल तर तेही तोच लिहितो, आणि त्याला पटलं नाही तर परत पाठवतो. वडील म्हणाले होते, आपल्या स्टँडवरला तर उत्तरच देत न्हाई. मी म्हटलं, माझ्या खिडकीला द्यावंच लागतं. निदान काय चुकलं एवढं तरी सांगावं लागतं.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, काढलं. वर नाव लिहिलं ‘कोयते’. खाली कॉलम: नंबर, नाव, गाव, मुकादम, मोबाइल. आणि शेवटी एक कॉलम, ‘बायको’. त्याच्यापुढं प्रकार लिहिला: हो किंवा नाही.

मी विचारलं, “सर, हे काय?”

“बायको बरोबर आहे का नाही, ते कळायला. नसेल तर अर्धा कोयता. हिशोबाच्या कॉलमला पॉइंट फाइव्ह पडेल.”

कॉम्प्युटरला नाही म्हणजे शून्य, हो म्हणजे एक. सहकारी हसला आणि म्हणाला, “लग्न झालं की माणूस शून्याचा एक होतो बघ.”

मी नाही हसले. मी विचारलं की बाईचं रक्त तपासलं तर ते कुठं ठेवायचं. सर म्हणाले, अजून एक कॉलम टाक, ‘बायकोचं हिमोग्लोबिन’. ती गरोदर असली तर? अजून एक. नवरा वारला आणि ती पुढच्या वर्षी भावाबरोबर गेली तर? मग सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, “हे बघा मॅडम, तुम्ही टेबल करायला बसलात, कायदा करायला नाही.” राग आला की ते मला मॅडम म्हणतात.

मी म्हटलं, “टेबल म्हणजे कायदाच असतो सर. जे त्यात बसत नाही ते आपल्या सर्व्हरवर जन्मालाच येत नाही.”

ते म्हणाले, संस्थेनंच कोयते मागितलेत, लोकही कोयतेच म्हणतात, आपण कोण बदलणारे? मी सांगितलं की संस्थेला कोयत्यांचा आकडा हवा आहे, तो मी देईन. पण तो माणसं मोजून काढीन. माणूस पॉइंट फाइव्ह नसतो.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. पहिलं टेबल ‘माणसं’. प्रत्येकाची एक ओळ, प्रत्येकाला स्वतःचा नंबर, तपासणी त्या नंबरला जोडलेली. दुसरं टेबल ‘कोयते’, त्यात फक्त कोण कुणाबरोबर या हंगामाला चाललंय एवढंच. बाई एकटी असो, भावाबरोबर असो, नवऱ्याबरोबर असो, तिची ओळ तिचीच राहते. आणि ‘माणसं’ टेबलात नावाच्या कॉलमला मी अट घातली: रिकामं चालणार नाही. मराठीत एरर लिहिली, “नाव लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.” सरांनी चालवून बघितलं. कोयत्यांचा आकडा बरोबर आला. ते एवढंच म्हणाले, “शिबिरात अडलं तर तुझ्या माथी.”

माझ्या माथी तर माझ्या माथी.

शिबिर दसऱ्याच्या आधी होतं आणि सुरुवात आमच्याच भागातून, पाटोद्याच्या बाजूनं होणार होती. पहिलं शिबिर आमच्या गावच्या शाळेत. मी आदल्या दिवशीच घरी गेले. आईला कौतुकानं सांगितलं की आता तुझी ओळ आणि तपासणीची चिठ्ठी वेगळी असेल, दादांची, म्हणजे वडिलांची, वेगळी. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“येगळी कावून? आमचं काय मोडलंय का?”

“मोडलं नाही आई. फक्त लिहिताना वेगळं.”

“लिव्हलं की झालंच. उद्या मुकादमाच्या कानावर गेलं की हिची चिठ्ठी येगळी हाय, तर म्हणंल ही बाई अर्धा कोयता झाली. अर्ध्याला दारात कोण उभं करतंय? तू शिकलीस, तुला ठावं न्हाई.”

मला ठाऊक होतं. आमच्या आळीत नवरा गेलेली एक बाई दर वर्षी मुकादमाच्या मागं फिरते, तिला कुणी गाडीत घेत नाही. म्हणूनच तर मी भांडले होते. आईला मी म्हटलं की त्या खिडकीत मुकादम बघू शकत नाही, डॉक्टर बघतो. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

सकाळी शाळेत गर्दी झाली. व्हरांड्यात संस्थेची कार्यकर्ती मोबाइल घेऊन बसली होती, शेजारच्या गावची, हुशार आणि घाईतली. मी पायरीवर लॅपटॉप उघडून बसले, मोबाइलचं नेट जोडलं आणि सर्व्हरवर काय येतंय ते बघू लागले. पहिल्यांदा पुरुष आले. भराभर झाले. मग बायका आल्या आणि सगळं अडलं.

पहिलीला नाव विचारलं तर ती म्हणाली, “लिव्हा की ह्यांच्याच नावाचा कोयता.” ह्यांचं नाव काय, तर ते ती घेईना. मागच्या बाईनं नवऱ्याचं नाव सांगितलं. कार्यकर्ती म्हणाली, अहो मावशी, तुमचं. मावशी गप्प. अॅपवर माझी लाल एरर. मागून पुरुष ओरडू लागले की दिवसभर हेच करायचं का, कोयता एक तर चिठ्ठी एक. दुसऱ्या एका बाईनं आपलं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाली, “लई दिसानं कुणी इचारलं. आठवावं लागलं बाई.” सगळ्या हसल्या. ती पण.

नंतर रांग अचानक पळू लागली. मला बरं वाटलं. वाटलं, लागली सवय. मग सर्व्हरवर बघितलं. ओळी येत होत्या, प्रत्येकीला नंबर मिळत होता, वय होतं, गाव होतं. आणि नावाच्या कॉलममध्ये होतं: बायको. त्याच्याखाली बायको. त्याच्याखाली मंडळी. त्याच्याखाली घरची. पुन्हा बायको.

कार्यकर्तीनं वाट काढली होती. माझ्या अटीला रिकामं चालत नव्हतं, पण ‘बायको’ हे काही रिकामं नव्हतं.

मी तिच्याजवळ जाऊन विचारलं. ती वैतागून म्हणाली, “ताई, तुमचं अॅप पुढं जाऊ देईना. ह्या बोलंनात. मी काय करू?” तिचं चुकत नव्हतं. तिनं सरांना फोनही लावला असणार, कारण मी पायरीवर परत येते तोच माझा फोन वाजला.

सर म्हणाले, “ती नावाची अट आत्ताच्या आत्ता काढ. नवऱ्याचं नाव असलं की बास. संस्थेची माणसं माझ्यावर तापलीत. पाच मिनिटांचं काम आहे.”

काम खरंच पाच मिनिटांचं होतं. हीच तर गंमत असते आमच्या धंद्यात. एक शब्द खोडला की शेकडो बायका पुसल्या जातात, आणि बटणाला त्याचा पत्ताही नसतो.

मी म्हटलं, “अट काढायची असली तर आधी मला काढा सर. मग सावकाश अट काढा.”

पलीकडून त्यांनी फक्त “मॅडम” म्हटलं. मग फोन बंद झाला.

मी अट काढली नाही. वाढवली. लॅपटॉप मांडीवर घेऊन कोडमध्ये एक यादी लिहिली, नाव म्हणून न चालणाऱ्या शब्दांची: बायको, मंडळी, घरची, बाई, कारभारीण, सौ. यातलं काही आलं तर परत पाठवायचं. आणि एरर बदलली: “हे नाव नाही. बाईंना त्यांचं नाव विचारा.” सर्व्हरवर चढवलं. मग उठले आणि ज्या बायका ‘बायको’ म्हणून गेल्या होत्या त्यांना शाळेच्या मैदानात शोधून, हाताला धरून परत आणलं. पुरुष म्हणाले, कोयत्याची पोरगी लई शानी झाली. मी म्हटलं, झाले.

रांगेत आई होती. तिनं माझा फोन ऐकला होता, मला माहीत होतं, कारण तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. वडील तिच्या मागं उभे होते. कार्यकर्तीनं विचारलं, मावशी, तुमचं नाव?

आई म्हणाली, “कोन्चं?”

“म्हंजे?”

“म्हायेरचं का हितलं?”

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत होती. आईचं बदललं होतं. तिचं पहिलं नाव मी फक्त मामांच्या तोंडून ऐकलेलं, तेही लहानपणी. कार्यकर्तीनं माझ्याकडं बघितलं. नावाचा कॉलम एकच होता, आणि तो आईचा होता.

कार्यकर्ती म्हणाली, “आधारवर काय हाय?”

“आधारवर ह्यांनी सांगितलेलं हाय.” आईनं वडिलांकडं मान वळवली नाही. “तू मला इचारलंस ना? मंग लिव्ह.” आणि तिनं माहेरचं नाव सांगितलं. वडिलांनी मागून नुसतं “अगं” म्हटलं. ती त्यांना म्हणाली, “मोडत न्हाई काय. हुबं ऱ्हावा गप.”

माझ्या स्क्रीनवर उत्तर आलं, दोनशे एक. आमच्या भाषेत त्याचा अर्थ, नवीन तयार झालं. आईच्या ओळीत आईचं नाव होतं आणि कोयत्याच्या टेबलात ती आणि वडील एकत्र, जसे होते तसेच.

सोमवारी ऑफिसात गेले तेव्हा नोकरी आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. सर माझ्या खुर्चीवर बसले होते आणि माझा कोड उघडून वाचत होते. मी शेजारी उभी राहिले. ते म्हणाले, रांग लांबली म्हणून संस्थेची तक्रार आली आहे. त्यांचं पुढचं काम आपल्याकडं आलं तर ते मी तुला देणार नाही. मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, अट काढायला आधी तुला काढावं लागेल, असं म्हणालीस ना? मी म्हटलं, म्हणाले.

त्यांनी काही काढलं नाही. यादीपाशी थांबले आणि हळूच वाचू लागले. बायको, मंडळी, घरची, बाई, कारभारीण, सौ. खालून पोरांचा पाठ चालू होता. सरांनी यादी परत एकदा वरपासून वाचली.

“मिसेस टाकलं नाहीस,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “आमच्याकडं मिसेस नसतात सर.”

“आमच्याकडं असतात,” ते म्हणाले, आणि खुर्चीवरून उठून मला जागा दिली.

मी बसले आणि टाकलं.